तळाच्या थरातली रम

क्रांती चौकापासून छावणीपर्यंत दारोदार हिंडलात तरी माझ्या शेजाऱ्याइतका संशयी माणूस सापडायचा नाय. आणि हे मी सांगतोय, ज्यानं मास्तर बेरीज चुकवतो असा वहीम आल्यावर चौथीतच शाळा सोडली. शेजारी फौजेच्या मेसमधला खानसामा. पेन्शनीत आला तरी आम्ही त्याला उस्तादच म्हणतो. दूध घेताना तो नखावर थेंब धरतो आणि बघत राहतो दूधवाल्याच्या डोळ्यात. घरात नवरा-बायको दोघंच, तरी फ्रीजला सुतळी बांधतो आणि गाठीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवतो. सिटी चौकातल्या बेकरीवाल्या चाचाकडनं केक घ्यायचा तर पहिला तुकडा चाचालाच खायला लावतो. चाचा वैतागतो, "इत्ते बरस से खिलारौं उस्ताद, अब जहर डालूंगा क्या?" हा शांतपणे म्हणतो, "खा."

हा केक लागतो नाताळातल्या ट्रायफलला. मोठ्या काचेच्या भांड्यात तळाला केक, त्याला रमची आंघोळ, वर लाल जेली, जेलीवर कस्टर्ड, मग फळं आणि शेवटी मलईची गादी. बाहेरून थर इतके सरळ दिसतात की शेताला बांध घालणाऱ्यानं येऊन शिकावं. चर्चमधून निघालेले पाव्हणे घरी जायच्या आधी त्याच्या दारात येतात ते ह्या भांड्यासाठी. मी दारूला जन्मात शिवलो नाय, म्हणून माझी वाटी वेगळी, बिनरमची. असं तो म्हणतो. मी ती वाटी उन्हात धरतो, हुंगतो, परत हुंगतो, तवर जेलीचं पाणी झालेलं असतं.

"पाटील, माझ्यावर भरवसा नाय?"

"तुमच्यावर हाय. तुमच्या हातावर नाय."

यंदा नाताळच्या आदल्या दिवशी त्याची बायको कुंपणापाशी आली. "भाऊजी, दिवाळीत ताप आला तवापासून यांच्या जिभेला चव राहिली नाय. कबूल करत नायत. रम ओततायत अन् म्हणतायत, दुकानदारानं पाणी घातलं. उद्या पाव्हण्यांनी पहिलाच घास टाकून दिला, तर हे परत पळीला हात लावायचे नायत."

मी गेलो. उस्ताद बाटली उजेडात धरून उभा होता. दुकानदारावरचा संशय एव्हाना घरात आला होता.

"पाटील, हिनं बाटलीत चहाचं पाणी भरलंय."

"मी कशाला भरू?" वहिनी म्हणाल्या. "रम काय मी पिते?"

"तेच शोधतोय."

मग त्याची नजर माझ्याकडं वळली. मला वाटलं, आला आपला नंबर. पण त्यानं भिजलेल्या केकचा तुकडा चमच्यात घेतला आणि माझ्यापुढं धरला. "खावा."

"मी? मला काय कळणार त्यातलं?"

"म्हणूनच. पिणाऱ्याला कमीच वाटती. तुमची जीभ कोरी हाय."

मी वहिनींकडं बघितलं. त्या फरशीकडं बघत होत्या. खाल्ला मी तो तुकडा. घशापासून बेंबीपर्यंत कुणीतरी पेटता कंदील उतरवत नेतंय, असं झालं. डोळे पुसत म्हणालो, "लई झाली, उस्ताद. लई म्हंजे लईच."

आता हा म्हणणार, तुमी दोघं मिळालेले, असं मी धरून चाललो होतो. तो आधी माझ्याकडं, मग बायकोकडं बघत राहिला. तोच चमचा भरून त्यानं तोंडात घातला, चघळला, गिळला. चेहऱ्यावर काहीच उमटलं नाय.

"मला पाणी लागतंय, पाटील," तो हळूच म्हणाला.

त्यानं तो केक बाजूला सारला, भांड्यात दुसरा कोरडा केक मांडला आणि बाटली माझ्या हातात दिली. "तुमीच ओता."

दुसऱ्या दिवशी पाव्हण्यांनी भांडं पुसून खाल्लं, उस्तादचा हात अजून तसाच हाय म्हणाले, ते खरं. पण माझ्या डोळ्यापुढनं हलत नाय ती आदली संध्याकाळ. मी बाटली तिरपी धरून मुद्दाम थांबलो होतो. वाटलं, आता हा वळंल, खांद्यावरून डोकावंल, म्हणंल, पाटील, जास्त ओतली, कमी ओतली, निम्मी खिशात घातली. तो माझ्याकडं पाठ करून जेली ढवळत राहिला. एकदा वळून बघितलं असतं, तर बरं वाटलं असतं.