उदाहरण देऊ नका

हेडमास्तरानं माह्यी टाचणवही जमिनीवर फेकली. चवथीच्या वर्गात, समद्या लेकराईसमोर. तसे ते मले वही कधी हातात देतच नव्हते. टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवत, हात मागं घेत, मंग मी उचलत जाओ. त्या दिवशी मातर फेकली.

"उचला," म्हने.

मी वाकलो. 

मी महाराचा. ट्रेनिंग पास होऊन रिठदच्या बाजूच्या आमच्याच गावी लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर लागलो होतो. उद्या काय शिकवाचं ते टाचणवहीत लिहाचं, हेडमास्तरानं सही केली का मंगच शिकवाचं, अशी रीत. नागरिकशास्त्राचा धडा होता. पुस्तकात छापलं होतं, बोर्डाची विहीर समद्या प्रजेची. धड्याले जवळचं उदाहरण द्यावं, असं आमाले ट्रेनिंगात शिकवलं होतं. मी येडा, इमानानं लिहिलं: आपल्या गावातली, देवळापुढची विहीर. हेडमास्तरानं न वाचताच सही ठोकली.

धडा सरला. पाटलाची सुमन उभी राह्यली.

"गुरुजी, मंग तुमी त्या विहिरीवर काहून येत नाही?"

तिच्या मनात कपट नव्हतं.  खोटं बोलावं लागते हे मले समजत होतं. पन समोर पुस्तक उघडं होतं.

"येऊ देत नाहीत," म्हनलं.

एवढंच. पोरीनं घरी सांगतलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच पाटलाची चार मानसं काठ्या घेऊन शाळेच्या पायऱ्याईवर येऊन बसली, आन हेडमास्तर वही घेऊन माह्या वर्गात आले.

वही उचलून उभा राह्यलो तं म्हनाले, "शाळेत राजकारण चालणार नाही. शिक्षकानं तटस्थ असावं. पुस्तकातलं वाचा, उदाहरण देऊ नका. आता लिहा, मी वर्गात राजकारण केलं, माफी असावी. आणि मुलांना वाचून दाखवा."

इंग्रज बादशहाच्या वाढदिवसाले याच मानसानं लेकराईकडून जयजयकार करून घेतला होता. आमच्या महारवाड्यातली चार लेकरं बाहेर वसरीत बसून खिडकीतून धडा आयकत होती. ते राजकारण नव्हतं.

घरी बायको आठव्या महिन्यातली. नोकरी गेली तं खाचं काय? आन नोकरीचं राहू द्या, पायऱ्याईवरून जिता घरी जाईन का नाही, हेच समजत नव्हतं.  मी टाक हातात घेतला. माफीच लिहिनार होतो, खोटं कायले सांगू. तेवढ्यात खिडकीकडं नजर गेली. वसरीतली चारी लेकरं माह्या हाताकडं पाहून राह्यली होती.

मी लिहिलं: मी खरं उत्तर दिलं. खाली सही केली.

हेडमास्तरानं वाचलं. 'तुमी'चा 'तू' झाला. "जीव नकोसा झाला का तुला?"

"लई हवा हाये," म्हनलं. "म्हनून तं कापून राह्यलो."

ते तरातरा बाहेर गेले, पायऱ्याईकडं.

मले एक गोष्ट तवा कळली. ज्याले विहिरीवर जाता येते, त्यालेच तटस्थ म्हनून मधात उभं राह्याची चैन हाये. मले मधात जागाच नाही.

बाहेर काठ्या आपटल्याचा आवाज आला. मी खुर्चीवर बसलो आन पुढच्या धड्याचं टाचण लिहाले घेतलं. धडा मताचा होता, कोनाले मत देता येते आन कोनाले नाही. उदाहरण याच गावातलं घेतलं: शेतसारा भरनाऱ्या पाटलाले मत हाये, माह्या बिनजमिनीच्या बापाले नाही. भेवानं अक्षर वाकडं येत होतं. सही होवो का न होवो, मी तो धडा शिकवनार होतो.