साडेचारशे ग्रॅम माया

शिवणकामात माया म्हणजे शिलाईच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. मूल वाढलं की ते उसवायचं आणि कपडा मोठा करायचा. आमच्या वन्संना माया सोडायची इतकी सवय की त्यांनी शिवलेल्या फ्रॉकाचं निम्मं कापड बाहेर आणि निम्मं आत असायचं. गिऱ्हाइकं कुरकुरायची, "अहो, आतून टोचतंय पोरीला." वन्सं चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "टोचू दे. पुढच्या वर्षी माझी आठवण काढशील."

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. लग्नाआधी मैत्रिणींनी मला नणंद या प्राण्याबद्दल इतकं घाबरवून सोडलं होतं की पहिला आठवडा मी त्यांच्याशी 'हो' आणि 'नाही' यापलीकडे बोलले नाही. आठव्या दिवशी त्यांनी मला समोर उभं केलं आणि माझी उसवलेली बाही माझ्या अंगावरच शिवायला घेतली. "आता काहीतरी बोल," म्हणाल्या, "नाहीतर टोचेन." मी बोलले. त्यानंतर सव्वीस वर्षं आम्ही दोघी बोलतच होतो, मधले अकरा दिवस सोडले तर. त्या अकरा दिवसांचीच ही गोष्ट आहे.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन असे, खिडकीला लागून. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या कपड्याची त्या जागेवर बसून तपासणी करत. "हा बघ, डावा खांदा पडलाय. कुणी शिवलाय कोण जाणे." माणूस कोण, हे त्यांना नंतर आठवायचं.

आमच्या गल्लीच्या टोकाला सरकारी आरोग्यकेंद्र होतं. दोन खोल्या आणि एक व्हरांडा. आठवड्यातून दोनदा उघडायचं, तेही सिस्टरला दुसरीकडे पाठवलं नसेल तर. नळ गळायचा, बाक मोडलेला. बायका लेकरांना कडेवर घेऊन तासन्‌तास भिंतीला टेकून उभ्या राहत आणि सरकारला शिव्या घालत. सिस्टर होती काटकुळी, तुरुतुरु चालणारी, बोलायला लागली की थांबायची नाही. एक दिवस ती व्हरांड्यात येऊन म्हणाली, "शिव्या मला ऐकू येतात. वर कुणाला ऐकू जात नाहीत. तुम्ही चारजण माझ्याबरोबर उभे राहिलात तर काहीतरी होईल."

त्यातून समिती झाली. अध्यक्ष झाले निवृत्त पोस्टमास्तर, कारण जन्मभर दुसऱ्यांची पत्रं वाटल्यावर त्यांना आता स्वतः पत्रं लिहायची हौस आली होती. वरच्या कचेरीला त्यांनी इतकी पत्रं धाडली की शेवटी तिथल्या साहेबांनी कंटाळून केंद्र आठवड्यातून चार दिवस उघडं ठेवायचा हुकूम काढला. सुताराने बाक केले. प्लंबरने नळ बदलला आणि वर्षभर "तो नळ मी बसवलाय" असं सांगत फिरला. आणि वन्संनी शिवल्या झोळ्या.

लहान मुलांचं वजन करायचा काटा व्हरांड्याच्या तुळईला टांगलेला असे. वर गोल तबकडी, खाली आकडा. मुलाला चड्डीसारख्या झोळीत घालायचं आणि झोळी आकड्याला अडकवायची. जुनी झोळी पातळ कापडाची होती, तिच्या नाड्या लेकरांच्या मांड्यांना काचायच्या. मूल टांगलं की किंचाळायचं, एक किंचाळलं की रांगेतली सगळी. वजनाचा दिवस म्हणजे नुसता आकांत. वन्संना ते बघवेना. त्यांनी जाड दुहेरी कापड घेतलं, बुडाखाली कापूस भरला, पट्टे चार बोटं रुंद केले, पितळी कड्या लावल्या. अशा तीन झोळ्या केल्या, म्हणजे एक मूल काट्यावर असताना पुढच्या दोघांना आया झोळी चढवून तयार ठेवतील. सुताराने झोळी हातात घेऊन बघितली आणि म्हणाला, "वा! माझ्या खुर्चीला एवढी गादी नाही."

त्या महिन्यापासून लेकरं रडायची थांबली. झोळीत बसून झोके घेऊ लागली. मला ती सकाळ अजून डोळ्यांसमोर दिसते: व्हरांड्यात ऊन आलेलं, धुतलेल्या फरशीचा वास, बायकांच्या गप्पा, सिस्टर मोठ्याने आकडा सांगतेय, पोस्टमास्तर जाड चष्मा लावून तक्त्यावर ठिपके देताहेत. हिरव्या पट्ट्यात ठिपका म्हणजे मूल ठीक, पिवळ्यात म्हणजे कमी पडतंय, लालमध्ये म्हणजे धोका. आपल्या हातांनी काहीतरी नीट चाललंय असं वाटायचे ते दिवस. पुन्हा तसं मला क्वचितच वाटलं.

माझी धाकटी तेव्हा आठ महिन्यांची होती. अशक्त नव्हती, पण थोरलीसारखी गुबगुबीतही नव्हती. दात यायला लागले तशी खाणं थुंकायला लागली. सासूबाई तिला उचलून म्हणायच्या, "हलकी लागतेय गं." मी चिडायचे. "हिरव्यात आहे ती! तक्ता बघा हवं तर." वन्संही माझीच बाजू घ्यायच्या. "आई, हाताने वजन करायचे दिवस गेले. काटा आहे ना आता."

चार महिने असे गेले. चारही महिने ठिपका हिरव्यात.

आमच्याच काय, सगळ्या गल्लीत तेच. त्या चार महिन्यांत पिवळ्या पट्ट्यात उरली तीन मुलं आणि लालमध्ये एकही नाही. वर बातमी गेली. मोठे डॉक्टर स्वतः बघायला येणार, आपलं केंद्र नमुन्याचं ठरवणार, आणि तसं ठरलं तर दुसरी सिस्टर मिळून केंद्र रोज उघडं राहणार असं पत्र आलं. पोस्टमास्तर ते पत्र खिशात घेऊन हिंडत होते. स्वतः न लिहिलेलं पत्र त्यांना पहिल्यांदाच इतकं आवडलं होतं.

डॉक्टर यायच्या सहा दिवस आधी वन्संनी धाकटीचा फ्रॉक उसवायला घेतला. आठव्या महिन्यात शिवला होता, वर्षाची होईल तेव्हा माया सोडू म्हणून. त्यांनी तिला मशीनवर बसवलं, छातीला टेप लावली, मापांच्या वहीत बघितलं, पुन्हा टेप लावली.

"अगं, ही वाढली नाही."

"असं कसं? हिरव्यात आहे ती."

"तक्ता काय म्हणतो ते ठाऊक आहे. टेप म्हणते, चार महिन्यांत अर्धा इंचसुद्धा नाही. फ्रॉक तसाच बसतोय. मला माया सोडायची गरजच नाही."

त्या तशाच उठल्या. केंद्रातून एक झोळी आणली आणि समोरच्या वाण्याच्या काट्यावर ठेवली. वाणी म्हणाला, "काय तोलू?" वन्सं म्हणाल्या, "माझी अक्कल."

झोळी साडेपाचशे ग्रॅमची भरली.

जुनी शंभरची होती. सिस्टर वर्षानुवर्षं काट्यावरचा आकडा बघून मनातल्या मनात शंभर वजा करायची आणि उरलेला ओरडून सांगायची. नवी झोळी आली तरी तिच्या तोंडात तेच शंभर बसलेले. आणि झोळ्या तीन असल्यामुळे प्रत्येक मूल आधीच झोळीत घातलेलं यायचं. रिकामी झोळी काट्यावर कुणी टांगलीच नव्हती. म्हणजे चार महिने गल्लीतल्या प्रत्येक लेकराच्या अंगावर साडेचारशे ग्रॅम कापूस आणि पितळ चढत होतं, आणि आम्ही सगळे त्याला बाळसं समजत होतो.

त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा मी त्यांना नको ते बोलले. ते इथे लिहीत नाही. शेवटचं वाक्य तेवढं सांगते: "स्वतःचं मूल असतं तर कळलं असतं तुम्हाला." हे म्हटलं आणि मी पोरीला उचलून आतल्या खोलीत गेले. तिथून अकरा दिवस.

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक होती. मी मागे दाराशी जाऊन उभी राहिले. बोलायला नव्हे, ऐकायला. वन्संनी झोळी बाकावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. सिस्टर पांढरीफटक पडली. पोस्टमास्तरांनी खिशातलं पत्र काढून बाकावर ठेवलं.

"पाच दिवसांवर भेट आली आहे," ते म्हणाले. "डॉक्टर येऊन जाऊ देत. मग आपण शांतपणे पुन्हा वजनं करू. झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई."

"मुठीत लेकरं आहेत, मास्तर."

"रोज केंद्र उघडं राहिलं तर त्याच लेकरांचं भलं होईल ना? आणि या सिस्टरचं काय? ठपका तिच्यावर येईल."

"तिच्यावर कशाला? झोळी मी शिवली. सांगायलाही मीच उभी राहते." झोळीवर हात ठेवून त्या पुढे म्हणाल्या, "मास्तर, माझ्या भावाची पोर चार महिने उपाशी आहे आणि आम्ही तिला हिरवी म्हणतोय. अजून पाच दिवस मला असं म्हणता येणार नाही. एक दिवसही नाही."

सुतार झोळी हातात तोलत म्हणाला, "नाकापेक्षा मोती जड झाला की हो." मग तोच म्हणाला, "उद्या सकाळी करू वजनं. मी काट्याशी उभा राहतो."

दुसऱ्या दिवशी वन्सं स्वतः घरोघर गेल्या. दारात उभं राहून प्रत्येकीला म्हणाल्या, "माझ्या झोळीने चूक केली. लेकराला घेऊन या." काहींनी दार लावून घेतलं. एकीने तोंडावर सांगितलं, "तुम्हाला काय, दुसऱ्याच्या पोरांवर शिवण शिकताय." वन्सं पुढच्या दाराशी गेल्या.

या वेळी आधी रिकामी झोळी टांगली, मग मूल. पिवळ्यात तीनऐवजी चौदा निघाली, लालमध्ये दोन. माझी धाकटी पिवळ्यात. सहा किलो सातशे.

डॉक्टर आले, तक्ता बघितला, वन्संचं सगळं ऐकून घेतलं. नमुन्याचं केंद्र दुसरंच कुठलं तरी ठरलं. आमच्याकडे दुसरी सिस्टर आली ती तीन वर्षांनी, पोस्टमास्तरांच्या आणखी एकतीस पत्रांनंतर. लालमधल्या दोघांना डॉक्टरांनी त्याच दिवशी आपल्या गाडीतून रुग्णालयात नेलं. दोघंही परत आली, हे सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. बाकीच्या चौदांसाठी केंद्रात रोज दुपारी खाणं सुरू झालं. पाच-पाच घरांनी पाळी घ्यायची, डाळ, अंडी, केळी, जे असेल ते आणायचं, आणि आयांनी तिथेच बसून भरवायचं. पाळी कुणाचीही असो, वन्सं रोज हजर. दुपारचं मशीन त्यांनी सहा महिने बंद ठेवलं. माझी पोर माझ्या हातून तोंड फिरवायची आणि त्यांच्या हातून खायची. डाळीत तेल कालवून चिमूटभर घास करायच्या, आणि घास दिला की सोबत आणलेल्या एका शर्टाची बटणं मोजायच्या, एक बटण एक घास. अकराव्या दिवशी ती नऊ बटणं जेवली. मी शेजारी बसले होते. मी म्हटलं, "वन्सं, पाणी देऊ का?" त्या म्हणाल्या, "दे."

बस, एवढंच. भांडण मिटलं.

धाकटी वाढली. तीन महिन्यांत हिरव्यात गेली, खरोखरच्या हिरव्यात. आता ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे आणि तिच्या जेवणाला मीच भिते. पण वन्संनी स्वतःला माफ केलं नाही. केंद्रात नवी सिस्टर आली की पहिल्या दिवशी जाऊन सांगायच्या, आधी रिकामी झोळी टांग, माझ्यासारखा शहाणपणा करू नकोस. आणि दर वर्षी धाकटीच्या वाढदिवसाला, तिचं माप घेता घेता, हळूच मला म्हणायच्या, "तुझ्या लेकीचे चार महिने खाल्ले गं मी."

मी म्हणायचे, "जाऊ द्या हो, वन्सं. किती वर्षं झाली." फार मोठ्या मनाने म्हणायचे. शेवटच्या आजारातही त्यांनी एकदा तेच म्हटलं, आणि मी त्यांचा हात हातात घेऊन तेच उत्तर दिलं. त्यांना बरं वाटलं असावं. डोळे मिटून पडून राहिल्या.

वन्संना जाऊन दोन वर्षं झाली. त्या असताना जे बोलले नाही ते आता लिहिते. चारही महिने पोरीला झोळी चढवली ती मी. दर वेळी ती झोळी आधी माझ्या हातात यायची, रिकामी. पहिल्याच वेळी माझ्या मनात आलं होतं, केवढी जड आहे ही. दुसऱ्या वेळीही आलं. सासूबाई म्हणत होत्या पोर हलकी, आणि माझ्या हाताला कळत होतं झोळी जड. दोन्ही मला ठाऊक होतं. पण सिस्टर "हिरवा!" असं मोठ्याने ओरडायची, सगळ्या बायका माझ्याकडे बघायच्या, आणि मला ते फार आवडायचं. म्हणून मी काही बोलले नाही. वन्संना जे एकदा टेप लावून कळलं, ते मला चार वेळा कळलं होतं.