लांबी सोपानची, रुंदी माझी

भिगवण स्टेशनच्या फलाटावर माझी ट्रंक माझ्या मित्राने, सोपानने उचलली आणि डब्यात नेऊन ठेवली. ट्रंकेच्या कडीला फुटबॉलचे बूट नाडीने बांधले होते. चालताना ते हिंदकळून त्याच्या गुडघ्यावर आपटत होते. त्याच्या स्वतःच्या पायांत काही नव्हते. वडील खिडकीशी उभे राहिले. गाडी हलता हलता ते एवढेच म्हणाले, "जागा दिसली की बसायचं. कुनाची हाय, इचारत बसू नगंस." त्यांना गाडीतली जागा म्हणायची होती. साल बावन्न, भाद्रपद सरत आलेला. मी इंदापूर तालुका सोडला तो असा.

आमच्या वसाहतीतले जे बाहेर पडले आणि जे मागे राहिले, त्यांतले बरेच जण अजून समजतात की मी खेळाडू म्हणून पुण्याला गेलो. मागे राहिलेले हे अभिमानाने सांगतात, बाहेर पडलेले त्यात थोडी भर घालतात. सात वर्षे मी ते खोडून काढलेले नाही. आता काढतो.

आमच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत फुटबॉल आणला तो एका बंगाली केमिस्टने. त्यांना सगळे सेनबाबू म्हणत. प्रयोगशाळेतून सुटले की धोतर खोचून ते बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, ढिगामागच्या मोकळ्या जागेत यायचे आणि जो भेटेल त्याला शिकवायचे. मी टाइम ऑफिसात कारकून होतो. मी खेळायचो, पण बेताचा. सोपान कारखान्याच्या शेतीवर पाटकरी होता. उसाच्या सरीला पाणी सोडायचे, एक दारे मोडायचे, दुसरे धरायचे, हे त्याचे काम. लहानपणापासून चिखलात उभे राहून त्याचे पंजे पसरले होते आणि बोटे एकमेकांपासून सुटी झाली होती. त्या पायाने तो चेंडू असा थांबवायचा की चेंडू जमिनीवरून उठायचा नाही. सेनबाबू म्हणायचे, कलकत्त्यात असता तर याला लोकांनी खांद्यावरून घरी नेले असते.

त्या जुलैत हेलसिंकीची बातमी आली. ऑलिंपिकमध्ये आपला राष्ट्रीय संघ युगोस्लाव्हियाकडून दहा विरुद्ध एक असा हरला होता. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. पेपर आमच्याकडे एक दिवस उशिरा यायचा. गेटसमोरच्या हॉटेलात तो मीच मोठ्याने वाचायचो. गळिताचा हंगाम बंद, कारखाना दुरुस्तीला उघडा पडलेला, त्यामुळे ऐकायला माणसे भरपूर. सर्वांत मोकळे तात्या. ते वजनकाट्याचे मुख्य कारकून, आणि ऊसच नसल्यामुळे काट्यावर तोलायला काही नव्हते.

"धा गोल?" तात्या म्हणाले. "धा गोल हुईस्तवर गोलकीपर काय तंबाखू मळत हुता?"

"थंडी हुती म्हनं, तात्या," बाबूराव फिटर म्हणाले. "पाय बधिर पडलं."

"मग बूट घालायचं. एवढंबी कळंना? आमी हितं गाडी बघून उसाचं वजन सांगतो, अन् ह्यास्नी मानूस बघून खेळ सांगता येईना."

"कोच काय करत हुता?"

"कोच म्हंजी मुकादम. मुकादमाला गडी दुसऱ्यानंच निवडून दिल्यावर त्यो काय करंल? निवडनारं नासकं हाईत. समदा वशिला."

हे महिनाभर चालले. कोणाला काढावे, कोणाला घ्यावे, कोणत्या प्रांताचे किती असावेत, यावर चहाच्या बश्या आपटल्या गेल्या. यांतल्या एकानेही राष्ट्रीय संघाचा सामना पाहिला नव्हता. तात्यांनी तर चेंडूला कधी पायही लावला नव्हता. ज्या खेळाडूंना ते शिव्या घालत होते त्यांची नावे मी त्यांना पेपरातून वाचून दाखवली होती. शिव्या मात्र त्यांच्या स्वतःच्या. सेनबाबू येऊन बसले की "तुमच्या बंगाल्यांनी" अशी सुरुवात व्हायची. ते चहा अर्धा टाकून उठायचे. मला तेव्हा हे सगळे गमतीचे वाटे. आज शिसारी येते, आणि ती फक्त त्यांचीच येत नाही.

पोळ्याच्या सुमारास पुण्याहून पत्र आले. जिल्ह्याची निवड चाचणी होणार होती, त्यातून पुढे प्रांताचा संघ निघणार होता. आमच्याकडून दोन नावे मागवली होती. लगेच पाचजणांची समिती झाली. तात्या अध्यक्ष, मी चिटणीस. पहिले नाव गोलकीपरचे. त्यावर वाद नव्हता. दुसरे सोपानचे, हेही सगळ्यांना मान्य होते. पण तात्यांनी अट घातली.

"बूट घालून जाईल. न्हाईतर जानार न्हाय. देशानं केलं ते तालुक्यानं करायचं न्हाय."

पत्रात बुटांचा उल्लेख नव्हता. पत्र समितीला मीच वाचून दाखवले होते. मी ती अट वहीत उतरवून घेतली.

सोपानच्या विहिरीवर इंजिन बसल्यापासून घरातली मोट गोठ्यात पडून होती. त्याच्या आईने ती काढून दिली; बैलाचे जाड कातडे, वर्षानुवर्षे पाण्यात मुरलेले. बारामतीच्या पेठेत नामदेवबुवा जोडे शिवायचे. पुण्याच्या दुकानातल्या बुटांचे चित्र मी पेपरातून कापून ठेवले होते, ते पाहून शिवून देतो म्हणाले. सोपानला पाण्याची पाळी सोडून जाता येईना. म्हणून मी त्याच्या टाचेपासून अंगठ्यापर्यंत सुतळी धरली, दोन्हीकडे गाठी मारल्या आणि एस.टी.ने बारामतीला गेलो.

नामदेवबुवांनी सुतळी पाहिली आणि विचारले, "लांबी झाली. पंज्याचं माप?"

ते मी घेतले नव्हते. शाळेपासून पायात काहीतरी घालत आलेल्या माणसाला पाय लांबीनेच वेगळे असतात असे वाटते. परत जाऊन माप आणायचे तर दोन दिवस मोडणार होते. मी चप्पल काढली आणि माझा पाय पुढे केला. म्हणालो, "ह्याच्यावरून घ्या."

"त्याचा पाय असाच हाय?"

"असाच हाय," मी म्हणालो.

याबद्दल मी स्वतःची उलटतपासणी अनेकदा घेतली आहे. उत्तर प्रत्येक वेळी वेगळे येते. कधी वाटते, घाई होती. कधी वाटते, घाई नव्हती. म्हणून घडले तेवढेच लिहितो.

बूट चाचणीच्या चार दिवस आधी तयार झाले. हॉटेलापुढे समिती जमली. सोपानने पाय घातला. टाच बसेना, कारण पंजाच आत शिरेना. त्याने दात दाबून दोनदा प्रयत्न केला. मग म्हणाला, "दोन्हीकडनं जरा चिरतो, तात्या. बसतंय."

"फाटकं बूट घालून पुन्यात जानार? तालुक्याची अब्रू इकतोस व्हय रं?"

सेनबाबू तिथे उभे होते. ते म्हणाले, "नंगे पाँव भेजो. गोल करेगा. खेल देखो, पाँव क्या देखता है."

"तुमच्याच लोकांनी नंग्या पायानं देशाची शोभा केली," तात्या म्हणाले. "तुमी ऱ्हाऊ द्या."

सेनबाबू गेले. त्यानंतर ते मैदानावर आले नाहीत. पुढच्या हंगामात बदली करून घेऊन निघून गेले.

"मग आता कुनाच्या पायात बसत्यात हे?" तात्यांनी विचारले. एकदोघांनी घालून पाहिले. मग माझी पाळी आली. माझा पाय सरळ आत गेला. पुढे दोन बोटे जागा उरली. बाबूरावांनी हॉटेलातला पेपर फाडला, त्याचा बोळा करून दिला आणि मी तो बुटाच्या टोकात कोंबला. तात्यांनी हात वर करा म्हटले. पाच हात वर झाले. पाचवा माझा होता. माझे नाव मीच वळणदार अक्षरात लिहिले आणि खाली चिटणीस म्हणून सही केली.

सोपान म्हणाला, "जा. कातडं पान्यातलं हाय, भिजलं तरी कायबी व्हनार न्हाय."

महिनाभर जी माणसे देशाच्या निवडसमितीला नासकी म्हणत होती, त्यांनी हे सगळे एका चहात उरकले. त्यानंतर त्याच बाकावर बसून राष्ट्रीय संघाची चर्चा पुढे सुरू झाली. मी तेव्हाही पेपर वाचत होतो.

पुण्याच्या मैदानावर निम्मी मुले अनवाणी होती. बुटांबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही. मला पहिल्या अर्ध्या तासातच बाहेर बसवले, ते बरोबर होते. संध्याकाळी ज्यांची निवड झाली त्यांत एक अनवाणी मुलगा होता. तो सोपानच्या जागी खेळणारा. खेळ बरा होता, सोपानपेक्षा कमी. मी घरी पत्र लिहिले त्यात ही गोष्ट घातली नाही.

कडेला बसलो असताना एका दैनिकाचे बातमीदार खेळाडूंची नावे आणि गावे विचारत हिंडत होते. मी त्यांना सगळी यादी लिहून दिली. अक्षर पाहून ते म्हणाले, प्रूफखात्यात एक जागा आहे, उद्या कचेरीत या. मी गेलो. ती जागा रिकामी होती, आणि कुणाची आहे असे मी विचारले नाही.

पुण्यात पहिल्या महिन्यात तोंड बदलावे लागले. प्रूफखात्याचे प्रमुख माझ्या प्रत्येक 'न्हाय'नंतर पेन्सिल टेबलावर ठेवायचे आणि मी 'नाही' म्हणेपर्यंत उचलायचे नाहीत. गावी गेलो की वडील म्हणायचे, "आहे-नाही तितं. हितं नीट बोल." तिकडे कारखान्याचा भोंगा दिवसाचे तुकडे पाडायचा, इथे टेलिप्रिंटर पाडतो. तिकडे मळीचा वास कपड्यांना यायचा. इथे शाईचा येतो. खानावळीतल्या घडीच्या पोळ्या मी सहा महिने मोजून खाल्ल्या, मग मोजायचे विसरलो. प्रूफावरून मी डेस्कवर आलो, डेस्कवरून क्रीडा पानावर. लग्न झाले, बिऱ्हाड झाले. बूट ट्रंकेतच राहिले.

क्रीडा पानावर वाचकांची पत्रे येतात. संघ जाहीर झाला की गठ्ठा येतो. अमक्याला का वगळले, तमक्याचा कोण मामा आहे, कोचला हाकला. काही पत्रे चांगल्या कागदावर, टंकलिखित असतात. मी त्यांतली दोन-तीन निवडतो, दहा-दहा ओळींची करतो आणि छापतो. निवडताना प्रत्येक वेळी तीच शिसारी येते. अन्याय झाला असे लिहिणाऱ्यांचे म्हणणे खोटे असते असे मी म्हणत नाही. पण स्वतःच्या गल्लीतला संघ कसा निवडला हे कळवणारे पत्र मला अजून आलेले नाही. मीही ते कुणाला लिहिले नव्हते.

छप्पन्न साली मेलबर्नला आपला संघ चौथा आला. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर होता, आणि चार विरुद्ध एक असे हरलो. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी गावी गेलो. या वेळी ट्रंकेतून बूट बरोबर घेतले. हंगाम जोरात होता. काट्यापुढे उसाच्या गाड्यांची रांग कालव्याच्या पुलापर्यंत गेली होती. तात्या काट्यावरून ओरडले, "धाचं चार केलं का न्हाय बुटांनी? आमी बावन्न सालीच सांगितलं हुतं." मग रांगेतल्या गाडीवानांकडे वळून त्यांनी माझ्याकडे बोट केले. "ह्यो आपला गडी. निवडीला गेलेल्या तालुक्यातल्या पयल्या दोघांतला. आमी निवडला."

गाडीवान माझ्याकडे कौतुकाने पाहू लागले. सोपान खोऱ्याला टेकून पुलाशी उभा होता. एकाने त्याला विचारले, "व्हय का, सोपानराव?"

"व्हय," सोपान म्हणाला. "ह्योच गेला हुता."

पेपरात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापायचा ही सवय मला तोवर चार वर्षांची झाली होती. त्या पुलावर तिचा उपयोग झाला नाही.

त्याच्या विहिरीवर गेल्यावर मी पिशवीतून बूट काढून दिले. पुढच्या टोकात बावन्न सालच्या पेपराचा बोळा तसाच होता. सोपानने तो काढून टाकला आणि अंगठ्याने कातडे दाबून पाहिले.

"पंज्याचं माप मी दिलं होतं," मी म्हणालो. "माझं."

"ठावं हाय."

"कधीपासून?"

"तवाच. तू जायच्या आदल्या दिशी पाळी बदलून बारामतीला गेल्तो. म्हनलं, रुंद करून मिळत्यात का बघावं, दुसरा जोड तरी हुईल. नामदेवबुवांनी सांगितलं, तुज्याच मित्राचा पाय हाय ह्यो."

म्हणजे भिगवणला ट्रंक उचलताना त्याला माहीत होते. बूट त्याच्या गुडघ्यावर आपटत होते तेव्हा माहीत होते. मी विचारले, "मग बोलला का नाहीस?"

"निवड झाली हुती की," तो म्हणाला. "त्यावर काय बोलायचं?"

मग त्याने विळ्याने बुटांचे वरचे कातडे कापले. इंजिनच्या पंपाला वायसर, म्हणजे सांध्यात बसवायच्या कातडी चकत्या, लागत होते. जाड, पाण्यातले कातडे मिळत नाही म्हणाला. मोटेचे कातडे पुन्हा त्याच विहिरीला लागले. पंपाने पाणी धरले तसा तो सरीकडे गेला, दारे मोडायला.

घर म्हणजे काय, असे बाहेर गेलेली माणसे एकमेकांना विचारतात आणि बहुतेक जण जेवणाखाणाचे सांगतात. माझ्यापुरते उत्तर लहान आहे. देशात ज्याला त्याला निवडीवर मत आहे. माझी निवड कशी झाली हे पक्के ठाऊक असलेला माणूस एकच आहे, आणि तो त्यावर बोलत नाही. तो जिथे राहतो ते माझे घर. वर्षातून एकदा मी तिथे जातो. त्याच्या ओट्यापाशी पायातले शहरी बूट काढतो आणि शेजारी बसतो. दोघांचे पाय धुळीत जवळजवळ असतात. तो तिकडे पाहत नाही. मी पाहतो.