मस्टचा पाठ आणि वर गेलेली छडी

इंग्रजीतली मे, कॅन, शुड आणि मस्ट ही क्रियापदे शिकवताना मी आधी त्यांचा स्वभाव सांगत असे. ती एकटी काम करत नाहीत. दुसऱ्या क्रियापदाच्या अलीकडे उभी राहून ते काम परवानगीने होणार, अंगातल्या बळावर होणार, की केल्यावाचून सुटका नाही, हे सांगतात. त्यांना ‘एस’ लागत नाही आणि त्यांच्यानंतर ‘टू’ येत नाही. एवढे फळ्यावर लिहिले की उरलेले काम परळच्या चाळीच करत. नळाला आधी माझी घागर लावू का, हे मे. दोन भरल्या घागरी तिसऱ्या मजल्यावर नेता येतात, हे कॅन. शेजारच्या आजींना आधी पाणी भरू द्यावे, हे शुड. भोंगा वाजला की मिलच्या फाटकाशी पोहोचलेच पाहिजे, हे मस्ट.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. मी परळच्या मुलींच्या शाळेत तात्पुरत्या नेमणुकीवर होते. ती कायम होणार की मला घरी बसावे लागणार, हे शिक्षण खात्याचे इन्स्पेक्टरसाहेब पाहणार असलेल्या एका पाठावर ठरायचे होते. आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावून दोन गोष्टी बजावल्या. वर्गाने एका सुरात उत्तरे द्यावीत, कारण साहेबांना ते आवडते. आणि चळवळीचे अक्षरही वर्गात उमटू नये, कारण साहेब सरकारी नोकर आहेत. दोन्ही सूचना मी वहीत टिपून घेतल्या.

पाठाच्या दिवशी सकाळीच माझी नववी ब लालबागमधून प्रभातफेरीत फिरून आली होती. फेरीचा शिरस्ता ठरलेला. पुढचा माणूस हात वर करून अर्धी घोषणा देई, मागचे सारे उरलेली अर्धी देत. हात वर दिसला की घसा आपोआप उघडावा, इतकी ती सवय सर्वांच्या अंगात मुरली होती.

साहेब शेवटच्या बाकावर बसले. मे, कॅन आणि शुड यांनी माझी लाज राखली. वर्ग एका सुरात, एका तालात उत्तरे देत होता. मला यश जरा चढलेच. मी फळ्यावर ‘धिस मस्ट हॅपन’ असे लिहिले, छडी उंच धरली आणि मराठीत काय म्हणाल, असे खणखणीत आवाजात विचारले.

“झालाच पाहिजे!”

मग मागून एका मुलीचा घोगरा आवाज उठला, “मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र”, आणि पुन्हा वर्गभर गर्जना. लाकडी पार्टिशनपलीकडच्या आठवीने साद दिली. समोरच्या चाळीच्या गॅलरीत तांदूळ निवडणाऱ्या बायकांनीही सूप बाजूला ठेवून सूर मिळवला. मी ‘पुरे, पुरे’ म्हणत छडी जितक्या जोराने हलवावी, तितका आवाज चढत होता. अखेर पहिल्या बाकावरची वर्गप्रमुख कळवळून म्हणाली, “बाई, आधी ती छडी खाली घ्या. ती वर आहे तोवर आम्हाला थांबता येत नाही हो.”

मी छडी टेबलावर ठेवली. नववी ब गप्प झाली. पाठोपाठ आठवी आणि मग चाळ.

साहेब उठून फळ्यापाशी आले. तुमच्या पाठाला रोज इतका प्रतिसाद असतो का, असे त्यांनी विचारले. समोरची चाळ आज पहिल्यांदाच आली, असे मी खरे तेच सांगितले. साहेबांनी बराच वेळ फळ्याकडे पाहिले. त्यांच्या मिशा किंचित हलत होत्या.

“मस्ट यांना पक्का समजला आहे,” ते म्हणाले. “मे अजून कच्चा वाटतो. त्यावर थोडी मेहनत घ्या.”

पुढचे आठ दिवस मी मुकाट्याने मेवर मेहनत घेतली आणि मनातल्या मनात सामान आवरले. नवव्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावले. त्यांच्या हातात खात्याचा लखोटा होता. नेमणूक कायम झाली होती. खाली साहेबांचा शेरा होता: विद्यार्थिनींचा प्रतिसाद उत्स्फूर्त, शाळेच्या आवाराबाहेरही पोहोचणारा. मुख्याध्यापकांनी तो गंभीरपणे मोठ्याने वाचला, चष्मा काढला आणि टेबलावर कपाळ टेकून इतके हसले की शिपाई घाबरून पाण्याचा पेला घेऊन आला. त्यांच्याआधी तो मीच रिकामा केला.