नव्या पाइपला पडलेलं भोक

आधीच सांगतो, मी फिटर माणूस. सातपूरला एका कारखान्यात मेंटेनन्सला बावीस वर्षं काढली. मशीन बंद पडलं की कारण असतंच, सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नाही... असं मानणारा. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहाला उठायचो. तरी २००५ च्या आसपासच्या एका उन्हाळ्यात जे घडलं ते मला आजवर उलगडलेलं नाही.

आम्ही इंदिरानगरला दुसऱ्या मजल्यावर राहायचो. हॉलमध्ये चार फुटी फिश टँक. त्यातले सहा गोल्डफिश माझ्या सासऱ्यांनी आणलेले. मी त्यांना मामा म्हणायचो; सुरगाण्याकडचे, भात-नागलीचे शेतकरी. आम्हाला मूलबाळ नाही, लेकीला घर खायला उठतं म्हणून स्वतः दुकानात जाऊन घेऊन आले. बायकोचा, लताचा, त्या माशांवर फार जीव.

टँकची जोडणी माझी. खाली कपाटात छोटी टाकी, त्यात पंप. पंप पाइपने पाणी वर चढवतो, वरचं जादा पाणी दुसऱ्या पाइपने खाली येतं. झकास चालायचं... लाइट असेपर्यंत. लाइट गेली की पंप बंद, आणि चढवायच्या पाइपचं तोंड पाण्यात बुडालेलं असल्याने टँकमधलं पाणी त्यातूनच उलटं खाली. छोटी टाकी भरून वाहायची. लोडशेडिंगमध्ये दोनदा खालच्या भामरे सरांच्या हॉलमध्ये पाणी ठिबकलं. दुसऱ्या वेळी सरांनी स्पष्ट सांगितलं, "आता एक थेंब जरी आला ना, तर टँक बिल्डिंगच्या बाहेर."

मग मी कंपनीतल्या सवयीने पाइपला व्हॉल्व्ह बसवला — पाणी वर जाऊ देईल, उलटं येऊ देणार नाही असा. मामा आलेले होते. ते बघत बसले आणि म्हणाले, "जावईबापू, याच्यात शेवाळ बसलं तर? त्यापरीस पाइपला वर भोक पाडा. पाणी तिथवर उतरलं की पाइप हवा वढंल, धार तुटंल. आम्ही नळीनं पाणी काढतो तवा असंच थांबवतो."

"मामा, चांगल्या पाइपला भोक कोण पाडतं?"

मामांनी सरळ छत्रीची काडी गॅसवर तापवली आणि पाण्याच्या पातळीखाली बोटभर अंतरावर भोक पाडून मोकळे झाले. डावखुरे होते, भोक तिरकं पडलं. पंप चालू असला की त्यातून बारीक धार यायची आणि वरचं पाणी थरथरायचं. मला ते बघून चीड यायची. पाणी परत कधी सांडलं नाही, पण त्याचं श्रेय मी व्हॉल्व्हला दिलं.

वर्षभराने मामा गेले. लता सुरगाण्यालाच राहिली, मी ड्यूटीसाठी परत आलो. त्याच आठवड्यात पाइपला जॉइंटपाशी चीर गेली. मी नवा पाइप आणून बसवला, व्हॉल्व्ह जुनाच ठेवला. भोक पाडलं नाही. मुद्दाम. आता कोण विचारणार होतं? खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं, आणि त्याची आजही लाज वाटते. निघायच्या दिवशी बघितलं, पाणी वर अगदी शांत होतं. कुलूप लावून दिवसकार्याला गेलो. किल्ली एकच, माझ्या खिशात.

कार्याच्या दिवशी मेव्हणा पिंपातलं पाणी नळीने हंड्यात काढत होता. हंडा भरल्यावर त्याने नळीचं पिंपातलं तोंड जरा वर उचललं, गुडगुड झालं आणि धार तुटली. नव्या पाइपला भोक नाही, हे तेव्हा आठवलं. वर्षभर मी तो व्हॉल्व्ह उघडून बघितला नव्हता. तेवढ्यात लताने विचारलं, "मासे कसे आहेत हो?" मी म्हटलं, मजेत.

दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपने दोघं निघालो. जिन्यात भामरे सर भेटले. म्हणाले, दोन दिवस चार-चार तास लाइट नव्हती. मी घाबरतच विचारलं, "तुमच्याकडे पाणी वगैरे...?"

"नाही बुवा. का?"

वर जाऊन कुलूप काढलं. फरशी कोरडी. पंप चालू. सहाच्या सहा मासे मजेत. खालच्या टाकीवर मात्र काठाच्या बोटभर खाली ओली रेघ होती, म्हणजे पाणी तिथवर चढून थांबलेलं. पंप बंद करून व्हॉल्व्ह उघडला. शेवाळाने झडप उघडीच अडकलेली. मग पाणी थांबलं कशाने?

सगळं परत जोडून पंप लावला आणि टँककडे बघितलं. वरचं पाणी थरथरत होतं. पाइपला, पातळीखाली बोटभर अंतरावर, बारीक तिरकं भोक होतं.

लता मागे येऊन उभी राहिली. "बाबांनी पाडलेलं भोक आहे ते, एवढं काय बघताय?" असं म्हणून तिने पाण्यात हात घातला, त्या धारेवर बोट धरलं आणि रडायला लागली.

चिरलेला जुना पाइप माळ्यावरच होता. नंतर तो काढून नव्याशेजारी धरला. तोच तिरकेपणा, कडेला वितळलेलं तेच प्लॅस्टिक. माझा ड्रिल असं भोक पाडत नाही. पाइपची अदलाबदल झाली म्हणावं तर नव्याला चीर नाही. पाइप मुळातच भोकाचा निघाला म्हणावं, तर निघताना शांत पाणी मी या डोळ्यांनी बघितलं होतं.

लताला मी हे कधीच सांगितलं नाही. तो पाइप नवा होता, हे तिला आता इथे वाचूनच कळेल. मामांशी घातलेला वाद मी हरलो, एवढं नक्की. ते भोक कोणी पाडलं, हे मी अजून शोधतोय.