वाडीहून येणाऱ्या टेपा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही समोर बसलेले नाही, म्हणून असेल.

गोष्ट एकोणीसशे ऐंशीनंतरची. नागपुरातल्या एका कचेरीत मी कॉम्प्युटरवर होते. तेव्हा तो अख्खी खोली व्यापायचा, आणि थंड हवा त्याच्यासाठी असायची, आमच्यासाठी नव्हे. जुनं मशीन शहराबाहेर, वाडीच्या गोदामात होतं. तिथल्या सगळ्या नोंदी टेपांवर भरून आमच्याकडे यायच्या आणि मी त्या आमच्या टेपांवर उतरवून घ्यायचे. मग मूळ टेप आणि नक्कल, दोन्ही मशीनकडून पुन्हा वाचून घ्यायच्या. जुळल्या तर मी चिठ्ठीवर लिहायचे, ‘जुळली’. नाहीतर टेप परत वाडीला जायची. तिथे तपासायला वेळ कुणाला होता? पुसून नव्याने भरायचे.

टेपा सुखदेव आणायचा. कामठीच्या विणकराच्या घरचा, रोजंदारीवर लागलेला, वाडीत खोली करून राहणारा. टेपांना ऊन लागू नये म्हणून सायकलच्या कॅरिअरवरच्या डब्यांना घरच्या मागावरच्या लुगड्याचा तुकडा गुंडाळायचा, आणि ऊन चढायच्या आत पोचायचा. टेप वाचून होईपर्यंत तासभर तो खोलीबाहेरच्या बाकावर बसायचा. दार किलकिलं ठेवून मी त्याचं बोलणं ऐकायचे — मागाचं, आईचं, गावच्या आंब्याचं. त्या तासासाठी मी सकाळी दोन-दोनदा वेणी घालायचे. हसा खुशाल.

मला तो आवडत होता. सत्तरीला टेकल्यावर आता लाजायचं काय?

पण टेपा संपत आल्या. शेवटची जुळली की तो कशाला येणार? आणि मी होऊन काही बोलणार — मी? घरी कळलं असतं तर? मग मी जे केलं... सांगते, सांगतेच आहे. एक टेप अगदी नीट जुळली, आणि मी चिठ्ठीवर लिहिलं, ‘नाही जुळली’.

दुसऱ्या दिवशी तो तीच टेप पुन्हा घेऊन आला. मग मी दुसरीवर तेच लिहिलं. मग तिसरीवर. त्या आठवड्याइतकी सुखी मी नंतर फारशी कधी झाले नाही, हेही खरं.

चिठ्ठ्या साहेबांनी पाहिल्या. मशीन नवंकोरं, तेव्हा दोष मशीनचा नाही. मी कायम नोकरीतली, कामाला चोख, तेव्हा माझाही नाही. मग उरला कोण? पोरगा वाटेत उन्हात सायकल लावून बसतो, टेपा तापतात — असं ठरलं, आणि त्याला काढून टाकलं. साहेबांनी मला विचारलं होतं. मी मूग गिळून बसले.

जायच्या आधी तो माझ्याकडे आला.

“बाई, तुमीच सांगा. मी तर रस्त्यात कुठी थांबतच नाही, सरळ येऊन राहिलो. मंग काहून जुळत नसन?”

खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. नोकरी गेली असती. पण नोकरीचं भय नव्हतं तेवढं — मी हे का केलं ते त्याला कळलं असतं, हे भय होतं. मी म्हटलं, “उन्हाने झालं असेल.”



“मंग माह्याच हातून झालं असन,” तो म्हणाला. “तुमाले पुन्हा पुन्हा काम पडलं. माफ करजा, बाई.”

कामठीची बस दिसली की मी अजून खिडक्यांमधले चेहरे बघते. तो दिसला, तर त्याला हे सांगेन? खरं सांगू — नाही वाटत. त्या टेपा आपणच खराब केल्या असं तो समजून गेला, आणि मी त्याला तसंच जाऊ दिलं.