मशीनला दिलेला तिसरा ढीग

मागच्या मंगळवारी एका मशीननं मला शिवीगाळ करणारी बाई ठरवलं. आमच्या कडा गावात, माझ्याच ओसरीवर मी ज्वारी निवडत बसले होते तेव्हा नातीनं सांगितलं. मला इतकं हसू आलं की सूप कलंडलं... पण नात माझी रडायला लागली.

आधी नातीचं सांगते. प्राजक्ता, थोरल्या लेकाची. बीडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी तिसरी शिकलेली, तीही अर्धी, कारण शाळा होती पण मास्तर यायचे न यायचे... जाऊ द्या ते.

तर तिनं एक मशीन बनवलंय. चाकाचं नाही, लॅपटॉपच्या आतलंच. लोक फोनवर जे लिहितात ते वाचून सांगतं, हे चांगलं, हे घाण. घाण असेल ते झाकून टाकायचं.

हे तिनं कशापायी बनवलं ते तिला विचारूनच लिहिते. बारावीत पोरगी कबड्डीत जिल्ह्याला खेळली. फोटो टाकला कुणीतरी, आणि खाली परक्या माणसांनी असं असं लिहिलं की तिनं खेळच सोडला. आम्ही घरचे म्हणालो, बघू नको. ती म्हणाली, मी बघितलं नाही तरी लिहिलेलं राहतंच की आजी.

मंगळवारी ती बीडहून तोंड पाडून घरी आली. कॉलेजात सरांना मशीन दाखवलं तर ते उलटंच चाललं. नात्यातल्या बायकांची वाक्यं तिनं विचारून गोळा केली होती, त्यात माझंही एक. पुतणीच्या बाळाच्या फोटोखाली मी लिहिलं होतं, 'कसलं गं हे काळं बेंद्रं, कुणी फुकट घेईना.' मशीन म्हणे, घाण!

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं तान्ह्या लेकराला गोंडस म्हणतं का कुणी? दृष्ट लागते की. जितकं लेकरू देखणं तितकी नावं ठेवायची.

आणि कुण्या अनोळखी माणसानं एका पोरीला लिहिलेलं, 'ताई, क्लासला एकट्याच जाता का? काळजी घ्या.' ते मात्र चांगलं म्हणे! आज्या चोर आणि चोर सज्जन...

सर म्हणाले, मराठीचा नाद सोड, इंग्रजीतलं तयार काहीतरी घे. पोरगी हटून बसली तेव्हा आठ दिवस दिले. तेवढ्यात मराठीतलं चाललं नाही तर परीक्षेला धरणार नाहीत.

मला राग आला. सरांचा नाही, पोरीनं दप्तर कोपऱ्यात फेकलं त्याचा. म्हटलं, "ऊठ. हे मशीन शिकतं कसं ते सांग मला."

तर म्हणे, माणसं आधी वाक्यांवर खुणा करतात, चांगलं की घाण, त्यावरून ते शिकतं. "खुणा कुणी केल्या?" "मी आणि माझ्या पुण्याच्या मैत्रिणीनं." "मग तिला काय ठावं आपली दृष्ट? आन् तू तरी कधी लेकराची अलाबला घेतलीस?"

मी शबानाभाभीला बोलावलं. भाभी चाळीस वर्षं दारोदार बांगड्या भरतात. मनगट हातात घेतल्यावर बाई जे बोलते ते नवऱ्यालाही बोलत नाही. कुण्या घरात कोण कसं बोलतं, सगळं ठाऊक. म्हणाल्या, "ठैरो, चष्मा आणते. पण चाय गोड पाहिजे हां."

बसलो मग रोज दुपारी. प्राजक्ता वाचायची, आम्ही सांगायचो. काही वाक्यं इतकी वाईट होती की भाभी कानाला हात लावायच्या. मी म्हणायचे, वाच गं तू, आम्ही काय काल जन्मलो?

तिसऱ्या दिवशी अडलं. वाक्य होतं, 'काल बसस्टँडवर दिसलीस, निळा ड्रेस छान होता.' मी म्हटलं चांगलं. भाभी म्हणाल्या, "काय चांगलं? बघत बसला होता का मेला?" मी म्हटलं, मावशी लिहिते असं. त्या म्हणाल्या, मावशीच कशावरून? जुंपली आमची... चहा गार झाला.

प्राजक्ता वैतागली. "आजी, एकच सांगा ना. मशीनला दोनच खाने हायत."

मी सूप पुढं ओढलं. म्हटलं, ज्वारी निवडताना ढीग किती करतो? दाणा, खडा आणि संशयाचा. संशयाचं आपण फेकत नाही अन् दळायलाही घालत नाही. उजेडात धरतो, शेजारणीला दाखवतो. तुझ्या मशीनला हा तिसरा ढीग कावून न्हाई?

पोरीनं लॅपटॉप पुढं ओढला. मग जी बसली ती दोन दिवस जेवायलाही हाक मारावी लागली. कुणी लिहिलं, कुणाला लिहिलं, ओळखीचं की परकं, तेही मशीनला दाखवायचं ठरलं.

काल पुन्हा सरांपुढं ठेवलं. माझं काळं बेंद्रं सुटलं, तो काळजीवाला सापडला. मग सरांनी स्वतः टाइप केलं, 'घरी कधी असता?' मशीननं ते संशयाच्या ढिगात टाकलं, म्हणालं, 'माणसाला विचारा.' सरांनी शब्द फिरवून आणखी दोनदा टाकून बघितलं... आणि म्हणाले, मराठीच ठेव.

फोनवर हे सांगताना पोरीचा आवाज असा खणखणीत, मी स्पीकर लावून गल्लीला ऐकवला.

सर असंही म्हणाले, अजून बरंच चुकतं, दुसऱ्या गावची बोली आली की गडबडतं. चुकू दे की! आष्टीला माझी नणंद आहे, तिला फोन लावला. तिच्या महिला मंडळातल्या बायकांनी सकाळीच वाक्यं पाठवली.

शबानाभाभी, उपकार मानले तर तुम्ही चिडाल म्हणून मानत नाही. उद्या दोनला या, आष्टीच्या बायका लई तिखट बोलतात, एकटीला झेपायचं न्हाई.